ताठरतेची गोळी लागू पडत नसेल तर

सिल्डेनाफिल फुकट गेली म्हणणाऱ्यांत बऱ्याच जणांची चूक वेळेची असते. रविवारी मटणावर ताव मारून वर गोळी घेतली, तर ती उशिरा आणि कमी चढते. ती रिकाम्या पोटी, तासभर आधी घ्यावी. जवळीक आणि स्पर्श तरीही हवाच. डॉक्टरांनी डोस ५० वरून १०० मिलिग्रॅम केल्यावर सहा-आठ वेळा जमले नाही, तरच ती फसली म्हणायचे. टॅडालाफिल या ताठरतेच्या दुसऱ्या गोळीला जेवणाची अडचण नाही. मात्र छातीत दुखण्यासाठी जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवत असाल, तर यातली कुठलीच गोळी नको. रक्तदाब एकदम कोसळतो. रस्त्याकडेच्या तंबूत मिळणाऱ्या पुड्यांतही कधीकधी हेच सिल्डेनाफिल मिसळलेले सापडते, म्हणून त्याही नकोत.

साखर आणि सकाळचे टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) तपासून घ्या. टेस्टोस्टेरॉन दोनदा कमी आले, तर ते भरून काढल्यावर तीच गोळी काहींना लागू पडते. मूल हवे असेल तर हे डॉक्टरांना आधी सांगा. टेस्टोस्टेरॉनच्या औषधाने शुक्राणू घटतात.

याच्या पुढचे औषध म्हणजे लिंगात घ्यायचे अल्प्रोस्टॅडिलचे इंजेक्शन. ऐकून अंगावर काटा येतो, पण सुई इन्सुलिनसारखीच बारीक असते. मधुमेहाने किंवा प्रोस्टेटच्या ऑपरेशनने नसा दुखावल्या असल्या तरी याचा गुण येतो. पहिला डोस सांगली-मिरजेत किंवा साताऱ्यात मूत्रविकारतज्ज्ञांसमोरच घ्यायचा. सुरुवात २.५ मायक्रोग्रॅमइतक्या कमी मात्रेनेही होते. मात्रा वाढवायची ती त्यांनीच.

घरी हात धुवा, स्पिरिटने जागा पुसा, लिंग ताणून धरा. घड्याळात १० किंवा २ जिथे असतात त्या बाजूला, मुळाजवळच्या भागात, दिसणारी शीर चुकवून सुई काटकोनात घाला. वर मधोमध नसा आहेत, खाली मूत्रनळी; तिथे कधीच टोचू नका. औषध ढकलताना अडले तर जोर करू नका, सुई किंचित मागे घ्या. नंतर ती जागा २-३ मिनिटे दाबून धरा, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ५. ताठरता ५ ते २० मिनिटांत येते. नाही आली तरी त्या दिवशी दुसरे टोचायचे नाही. दर वेळी बाजू बदला, आठवड्यात तीनच्या वर जाऊ नका. एकाच जागी टोचत राहिले की आत गाठ धरते आणि लिंग वाकते.

ताठरता ४ तासांवर टिकली तर दुखो वा न दुखो, लाज न धरता दवाखाना गाठा. साचलेले रक्त काढून उतारा द्यावा लागतो. उशीर झाला तर आतले मांस कायमचे खराब होते. जत, पाटणकडच्यांनी रात्री मिरजेला, कराडला नेणारी गाडी आधीच ठरवून ठेवावी.