फालशाचा सोडा, आल्याच्या विरजणावर

माझा भाचा जर्मनीत असतो. तिथे घरी बिअर करायला मुभा आहे, म्हणून हा पठ्ठ्या स्वयंपाकघरात पिंप मांडून बसतो आणि त्यात रास्पबेरी घालतो. मागे एकदा मे महिन्यात इंदूरला आला, ठेल्यावरचे फालसे काळं मीठ लावून खाल्ले, बोटं जांभळी करून घेतली आणि म्हणाला, "मावशी, याची बिअर काय झकास होईल!" मी म्हटलं, बाबा रे, मध्य प्रदेशात १९१५ चा आबकारी कायदा आहे. परवान्याशिवाय घरात बिअर काढली तर राजेंद्रनगरात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मग त्याच्याकडून फळाची अक्कल तेवढी घेतली आणि बिअरऐवजी सोडा केला. यातही थोडं अल्कोहोल तयार होतंच, हे आधीच सांगते. दीड दिवसात फ्रीजमध्ये गेला तर नावापुरतं, बाहेर विसरलात तर जास्त. लहान मुलांना आणि गरोदर बायकांना मी देत नाही.

आधी विरजण. काचेच्या बरणीत अर्धा लिटर पाणी, दोन मोठे चमचे किसलेलं आलं, दोन मोठे चमचे साखर. आलं धुवा, पण साल काढू नका. आपल्याला हवं ते यीस्ट, म्हणजे साखर खाऊन वायू सोडणारे सूक्ष्मजीव, सालीवरच बसलेलं असतं. नळाला येणारं नर्मदेचं पाणी जलूदहून शुद्ध होऊन येतं, त्यात क्लोरीन असतं आणि ते यीस्टलाही सोडत नाही. म्हणून पाणी उकळून पूर्ण गार करून घ्या. रोज एक चमचा आलं, एक चमचा साखर घालून ढवळायचं, तोंडाला मलमलचा तुकडा बांधायचा, आणि मुंग्यांसाठी बरणी पाण्याच्या ताटलीत ठेवायची.

थंड देशातले लोक पाच-सात दिवस सांगतात. आमच्याकडे जानेवारीत तेवढे लागतात. मे महिन्यात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बरणीला कान लावला तर आत बारीक चुरचुर ऐकू येते, फोडणी शमत आल्यासारखी. वर फेस आणि वास आंबूस-तिखट असला की विरजण तयार. केसाळ बुरशी दिसली तर सगळं फेकायचं, वरचं काढून खालचं वापरायचा मोह नको.

आता फालसे. अर्धा किलो घ्या, गर्द जांभळे आणि हाताला मऊ. लालसर फालसे नुसतेच आंबट असतात. हे फळ एक-दोन दिवसांत मान टाकतं, त्यामुळे घरी आणलं की लगेच धुऊन, निथळून फ्रीझरमध्ये टाकायचं. भाच्याची पहिली अक्कल हीच: गोठताना फळातल्या पाण्याचे खडे होतात, पेशी फाटतात आणि बाहेर काढल्यावर रस आपण होऊन सुटतो. तो रास्पबेरीचं असंच करतो. दुसऱ्या दिवशी फालसे मोठ्या गाळणीत हाताने कुस्करा. मिक्सर अजिबात नको. मी पहिल्यांदा फिरवला होता, बिया भरडल्या गेल्या आणि सोडा असा तुरट झाला की आमच्या ह्यांनी एक घोट घेऊन "काढा कशावर आहे?" असं विचारलं.

त्याची दुसरी अक्कल: फळ शेवटी घालायचं आणि उकळायचं नाही. उकळलं की जॅमचा वास येतो, शिवाय फळातलं पेक्टिन, जॅम घट्ट करतं तेच, सुटून पेय गढूळ होतं. आणि फळ सुरुवातीलाच घातलं तर यीस्ट जोरात असताना निघणाऱ्या वायूबरोबर सुगंधही उडून जातो. म्हणून तो रास्पबेरी पहिला जोर ओसरल्यावर घालतो, आणि मी रस बाटली भरायच्या वेळी.

दोन लिटर पाण्यात दीडशे ग्रॅम साखर आणि बोटभर ठेचलेलं आलं घालून उकळायचं आणि पूर्ण गार करायचं. गरम पाण्यात विरजण घालायची घाई केलीत तर यीस्ट मरेल आणि दोष मला द्याल. गार पाण्यात फालशाचा रस ओता. या वेळी रंग मळकट जांभळा दिसतो, बोरिंगचं जड पाणी असेल तर निळसर राखाडीसुद्धा. घाबरू नका. त्यात दोन लिंबं पिळा आणि पातेल्याकडे बघत राहा: लिंबाचा रस पडतो तिथून गुलाबी-लाल रेघ उमटते, डावाने एकदा ढवळलं की सगळं पातेलं होळीच्या रंगाचं होतं. फालशातलं रंगद्रव्य आंबट पाण्यात लाल होतं, एवढंच. पण मी दरवर्षी घरातल्यांना हाक मारून दाखवते. मग गाळलेलं विरजण अर्धा कप घाला, ढवळा, बाटल्या भरा. वर दोन-तीन बोटं जागा मोकळी सोडा.

बाटल्यांबद्दल मात्र नीट ऐका. पहिल्या वर्षी मी सरबताची रिकामी चौकोनी काचेची बाटली वापरली होती. दुपारी तीनला कपाटात धडाका झाला. नशिबाने स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. भिंतीवरचा जांभळा डाग रंगकाम होईपर्यंत होता. चपट्या आणि चौकोनी काचेला आतला दाब सहन होत नाही, गोल बाटलीला त्यापेक्षा बरा होतो. मग मला गोटी सोड्याची हौस आली. जुन्या दोन बाटल्या मिळवल्या, पण गोटी काही वर बसेना. १८७२ साली हायरम कॉडने पेटंट घेतलेली ही बाटली दाबाखाली वायू भरून, उलटी करूनच बंद होते. घरच्या संथ आंबवण्यात गोटी तळाशी लोळत पडते. आता मी सरळ कोल्ड्रिंकच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या घेते.

प्लॅस्टिकचा फायदा म्हणजे चिमटा घेता येतो. भरल्यावर बाटली दाबली तर मऊ लागते, बोट आत जातं. दर चार-पाच तासांनी दाबून बघा. दगडासारखी टणक झाली की त्याच क्षणी फ्रीजमध्ये. घड्याळावर जाऊ नका. मे महिन्यात मी रात्री दहाला भरलेली बाटली दुसऱ्या दिवशी दुपारी चारला टणक झालेली पाहिली आहे, आणि ढग आलेल्या दिवशी तिलाच दीड दिवस लागला आहे. पारा चाळीसच्या वर गेला की यीस्ट वैतागतं, सोड्याला उग्र वास येतो. तेव्हा बाटल्या माठाशेजारी बादलीभर पाण्यात उभ्या करायच्या आणि वर ओला पंचा टाकायचा.

फ्रीजमध्ये निदान आठ तास. गार पाण्यात वायू जास्त मुरतो. अर्धवट गार बाटली उघडलीत तर अर्धा सोडा छताला. थंडीत यीस्ट झोपतं, मरत नाही, म्हणून आठवड्याच्या आत संपवा. बाटली मोरीत धरून झाकण पाव फेरा फिरवायचं, फुस्स झालं की परत आवळायचं, पुन्हा पाव फेरा. असं चार-पाच वेळा केल्यावरच पेल्यात ओतायचं. काठाला काळं मीठ लावलंत तर ठेल्यावरचीच चव येते.