घरची कॉफी: आधी दळण, मग भांडं

कॉफी आंबट लागली की पूड वाढवायची आणि कडू लागली की पाणी, हा सर्रास चालणारा उपाय आहे. त्यानं कॉफी दाट किंवा पातळ होते, चवीतला दोष मात्र तसाच राहतो. गरम पाण्यात आंबट घटक लवकर उतरतात, गोडवा त्यामागून येतो, कडू आणि तुरट घटक शेवटी. आंबट, पोकळ चव म्हणजे अर्क अर्धवट उतरलाय. जीभ कोरडी करणारा कडवटपणा म्हणजे तो नको तितका उतरलाय. पुडीच्या वजनापैकी साधारण १८ ते २२ टक्के भाग पाण्यात आला की चव जुळते, आणि तिथवर पोचायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे दळण बदलणं. आंबट लागली तर बारीक दळा, कडू लागली तर भरड. एका वेळी एवढंच बदला, पाणी आणि वजन तेच ठेवा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं फरक पडला ते कळत नाही.

म्हणून पैसे खर्च करायचेच असतील तर ते आधी ग्राइंडरवर करावेत. फिरत्या पात्याच्या ग्राइंडरमध्ये काही दाण्यांची धूळ होते आणि काही तसेच जाड राहतात. धूळ कडू होते, जाड तुकडे आंबट राहतात, आणि दोन्ही दोष एकाच कपात उतरतात. दोन दातेरी चकत्यांमध्ये दाणा चिरडणारा बर ग्राइंडर घ्यावा, हातानं फिरवायचाही चालेल. तो नसेल तर पात्याचा ग्राइंडर दोन-दोन सेकंदांच्या झटक्यांनी चालवा, मध्येमध्ये भांडं हलवा आणि बारीक चाळणीनं धूळ काढून टाका. सोबत वजनकाटा हवाच. गडद भाजलेला दाणा फुगून हलका होतो, त्यामुळे चमचा तोच असला तरी पूड कमी भरते.

रोजच्या एका कपासाठी आमची पहिली पसंती कागदी गाळणीला. मेलिटा बेंट्झ यांनी १९०८ मध्ये जर्मनीत कागदातून कॉफी गाळण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, ते गाळ आणि कडवटपणा टाळण्यासाठी. तो फायदा आजही तसाच मिळतो. १५ ग्रॅम कॉफी आणि २५० ग्रॅम पाणी घ्या. दळण साखरेच्या दाण्यापेक्षा किंचित बारीक असावं. शंकूच्या आकाराच्या गाळणीत कागद बसवून त्यावर भरपूर गरम पाणी ओता. कागदाचा वास जातो आणि भांडंही तापतं. ते पाणी फेकून द्या, पूड टाका आणि गाळणी हलवून ती सपाट करा.

आता ९२ ते ९६ अंशांचं ४५ ग्रॅम पाणी सगळी पूड भिजेल असं ओता आणि ४५ सेकंद थांबा. ताजी पूड फुगते, बुडबुडे येतात. भाजताना दाण्यात अडकलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो. ही पायरी वगळली तर तोच वायू पाणी बाजूला ढकलतो आणि पूड नीट भिजत नाही. बुडबुडे अजिबात आले नाहीत तर पूड शिळी आहे. पुढे बारीक धारेनं, मध्यापासून बाहेर गोल फिरवत, सव्वा मिनिटापर्यंत एकूण १५० ग्रॅम आणि पावणेदोन मिनिटांपर्यंत २५० ग्रॅम पाणी पूर्ण करा. धार थेट कागदावर नको, तिथून पाणी पुडीला वळसा घालून निसटतं. शेवटी गाळणी एकदा हलकेच गोल हलवा. तीन मिनिटांच्या आसपास सगळं निथळायला हवं. दोन मिनिटांतच निथळलं तर दळण भरड आहे, चारच्या पुढे गेलं तर फार बारीक. चोथ्याकडेही बघा: तो सपाट बसलेला असावा. एका बाजूला खड्डा दिसला तर पाणी तिथूनच पळालंय.

मोका पॉट, म्हणजे खालच्या भांड्यातलं पाणी वाफेच्या दाबानं पुडीतून वर चढवणारं गॅसवरचं भांडं, १९३३ मध्ये इटलीत आलं. त्यातली कॉफी जळकी लागते अशी तक्रार असते, पण दोष बहुतेक वेळा आचेचा असतो. खालच्या भांड्यात सुरक्षा झडपेच्या खालपर्यंत उकळतं पाणी भरा. गार पाणी भरलं तर ते तापेपर्यंत पूडही भाजत राहते. मधली नळीची डबी बारीक मिठाएवढ्या दळणानं काठोकाठ भरा, बोटानं सपाट करा, पण दाबू नका. दाबलं तर वाट अडते आणि आतला दाब वाढतो. खालचं भांडं फडक्यानं धरून वरचं घट्ट फिरवा, कारण सैल राहिलं तर जोडातून वाफ निसटते. आच मंद, झाकण उघडं. कॉफी मधासारख्या संथ धारेनं यायला हवी. धार फिकट होऊन फुरफुर आवाज सुरू झाला की लगेच उतरवा आणि तळ नळाच्या पाण्याखाली धरा. त्या क्षणी खालचं पाणी नळीच्या टोकाखाली गेलेलं असतं, आणि नुसती वाफ पुडीतला कडवटपणा वर ओढते.

फ्रेंच प्रेससाठी, म्हणजे जाळीचा दट्ट्या असलेल्या भांड्यासाठी, ५०० ग्रॅम पाण्याला ३० ग्रॅम भरड पूड. चार मिनिटांनी वरचा थर चमच्यानं मोडा, फेस काढा आणि आणखी पाच मिनिटं थांबा. गाळ आपोआप तळाला बसतो. दट्ट्या तळापर्यंत दाबायची गरजच नाही, दाबला तर बसलेला गाळ पुन्हा ढवळला जातो. जाळी पृष्ठभागापर्यंत आणून हळू ओता. या कॉफीला जो भरदारपणा येतो तो तिच्यातल्या तेलांमुळे. त्याच तेलांतला कॅफेस्टॉल नावाचा घटक रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवतो. कागद तो बहुतांशी अडवतो, म्हणून ज्यांना जपायला सांगितलंय त्यांनी रोजची कॉफी कागदातूनच गाळावी.

कोल्ड ब्रूला कौशल्य लागत नाही. १०० ग्रॅम भरड पूड ८०० ग्रॅम गार पाण्यात भिजवून सुमारे १६ तास फ्रिजमध्ये ठेवा, कागदातून गाळा आणि पिताना तेवढंच पाणी घाला.

सगळं नीट करूनही चव सपाटच राहिली तर पाणी तपासा. फार जड पाण्यातले क्षार कॉफीतली आम्लं मारून टाकतात. ऊर्ध्वपातित पाण्यात उलट क्षारच नसतात, म्हणून तेही नको. आणि कुबट वास आला तर फ्रेंच प्रेसची जाळी सुटी करून धुवा, मोका पॉटची रबरी चकती काढून तिच्या मागे बघा. जुनं तेल तिथेच साचून खवट झालेलं असतं.