‘वंश’ शिकवताना व्याख्येपासून सुरुवात नको

टी.वाय.ला समाजशास्त्र शिकवताना ‘वंश’ हा धडा मी सुरुवातीची काही वर्षं चक्क वाया घालवला. फळ्यावर व्याख्या लिहायची, मुलांनी उतरवून घ्यायची आणि पेपरात ‘वंश म्हणजे कातडीचा रंग’ असं लिहून यायचं. तुम्ही नव्याने शिकवणार असाल तर व्याख्या ठेवा बाजूला, दोन खटले घ्या.

पहिला ताकाओ ओझावाचा, १९२२. अमेरिकेत तेव्हा बाहेरून आलेल्यांपैकी नागरिकत्व मिळे ते गोऱ्यांना, नाहीतर आफ्रिकी मूळ असलेल्यांना. जपानहून आलेल्या ओझावाने आपल्या उजळ कातडीकडे बोट दाखवलं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, रंगाचं काय घेऊन बसलात, गोरा म्हणजे कॉकेशियन, म्हणजे युरोपीय आणि त्यांच्या नात्यातले समजले जाणारे लोक, असा तेव्हाच्या शास्त्राने आखलेला वंश. इथे थांबा. वर्गाला विचारा: मग पंजाबातून गेलेल्या भगतसिंग थिंडचं काय होईल? (हा आपला भगतसिंग नव्हे, ते आधीच सांगा, नाहीतर तास तिथेच संपतो.) तेव्हाचे मानववंशशास्त्रज्ञ उत्तर भारतीयांना कॉकेशियन धरत. शिवाय थिंड अमेरिकी सैन्यात होता. मुलं एका सुरात म्हणतात, मिळणार! मग १९२३चा निकाल सांगा. न्यायालय तेच, मध्ये जेमतेम तीन महिने: शास्त्र काही म्हणो, सामान्य माणूस ह्याला गोरा समजत नाही.

वर्गात कुजबुज सुरू झाली की अमेरिकी समाजशास्त्रज्ञ ओमी आणि विनंट ह्यांचा १९८६चा ‘वांशिक घडणी’चा सिद्धांत मांडा. कायदा, राजकारण आणि रोजचे व्यवहार मिळून वंश घडवतात आणि पुन्हा मोडतातही. आता वेगळं पाठांतर लागत नाही.

हातात द्यायला अमेरिकी जनगणनेतल्या वंशाच्या रकान्यांची झेरॉक्स काढा. १९२० ते १९४० ‘हिंदू’ हा वंश, आणि त्यात शीख-मुसलमानही! १९७०ला भारतीयांची गणती गोऱ्यांत, १९८०ला ‘एशियन इंडियन’. एकाच आजोबांना सरकारने तीन वेगवेगळे वंश दिले, असं म्हटलं की मागच्या बाकावरचेही हसतात.

हसू ओसरलं की कुणीतरी हमखास विचारतं, “सर, मग जात म्हणजे वंशच ना?” घाईने हो म्हणू नका. लाहोरला न झालेल्या, १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ म्हणून छापलेल्या भाषणात बाबासाहेबांनी स्पष्ट लिहिलंय की जात ही एकाच वंशाच्या लोकांची विभागणी आहे. पण १९४६ साली त्यांनीच कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस ह्यांना पत्र लिहून, अस्पृश्यांची आणि अमेरिकेतल्या निग्रोंची स्थिती किती सारखी आहे तेही कळवलं. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचून घ्या. ह्याला मी अख्खा एक तास राखून ठेवतो, आणि तोही पुरत नाही.