प्रती किती वाटायच्या? विलंबसहिष्णू नेटवर्कमधला बफरचा हिशेब

विलंबसहिष्णू नेटवर्कमध्ये सलग जोडणी नसते: नोड (उपकरणं) एकमेकांना भेटतील तेव्हा निरोपाची प्रत पुढे देतात, तोवर ती आपल्या बफरमध्ये (साठवणीच्या जागेत) ठेवतात. निरोप पोहोचत नाहीत म्हटलं की आधी या प्रती वाढवल्या जातात. बहुतेक वेळा त्या कमी करायला हव्या असतात. ‘एपिडेमिक’ पद्धतीत भेटेल त्या नोडला प्रत मिळते. बफर रिकामे असेपर्यंत याहून जलद काही नाही. ते भरले की निरोपच एकमेकांना बाहेर ढकलू लागतात.

म्हणून आधी जागा मोजा. समजा 40 नोड, प्रत्येकाचा बफर 5 एमबी आणि निरोप 750 केबीचा. एका नोडमध्ये 6 निरोप मावतात, सगळीकडे मिळून 240. एपिडेमिकमध्ये एक निरोप 40 जागा अडवतो, म्हणजे एका वेळी सहाच निरोप तग धरतात. प्रतींना 8 ची मर्यादा घातली तर 30. साऱ्या नेटवर्कमध्ये दर 10 मिनिटांनी एक नवा निरोप निघत असेल, तर टीटीएल (निरोप जपून ठेवण्याची मुदत) 300 मिनिटांच्या आत हवा. 24 तास ठेवलात तर 1,152 जागा लागतील. त्या आणणार कुठून?

वाटपासाठी ‘स्प्रे अँड वेट’चा बायनरी प्रकार घ्या. 8 पैकी 4 समोरच्याला, 4 आपल्याकडे. मग 2-2, मग 1-1. (बफरमध्ये निरोप एकदाच राहतो, हे आकडे म्हणजे वाटपाचे हक्क.) एकच हक्क उरला की निरोप फक्त मुक्कामाच्या नोडलाच द्यायचा.

खरी गोची हक्क कधी वजा करायचे यात आहे. पाठवण्याआधी केले आणि भेट तुटली, तर 4 हक्क हवेत जातात. पोच आल्यावर केले आणि पोचच हरवली, तर इथे 8, तिथे 4, असे 12 होतात. दुसरी चूक पत्करा: तिने थोडा बफर जातो, पहिलीने निरोप पोहोचण्याची शक्यता घटते.

2 एमबीपीएसवर (मेगाबिट प्रति सेकंद) 10 सेकंदांची भेट म्हणजे कागदावर 2.5 एमबी, तीन निरोप. ओळख पटवण्यात वेळ जातो, दोनच धरा. भेटीत सर्वांत आधी, मुक्कामी पोहोचलेल्या निरोपांचे आयडी द्या, म्हणजे समोरचा त्यांच्या प्रती काढून टाकेल; मग समोरच्यासाठीचेच निरोप, बाकीचे नंतर. पोहोचलेल्यांचे आयडी टीटीएल संपेपर्यंत पुसू नका, नाहीतर काढून टाकलेला निरोप दुसऱ्या नोडकडून नवा म्हणून परत येतो.

एखाद्याच नोडवर ताजे निरोप येताक्षणी गायब होत असतील, तर राउटिंग (निरोप कुणाकडे द्यायचा ते ठरवणं) उकरण्याआधी त्याचं घड्याळ बघा. ते पुढे असेल तर त्याच्या लेखी निरोपाची मुदत संपलेली असते. घड्याळाचा भरवसा नसलेल्या नोडसाठी आरएफसी 9171 या मानकात ‘बंडल एज’ ब्लॉक आहे (बंडल म्हणजे इथला निरोप): निरोपाचं वय मिलिसेकंदांत त्याच्यासोबतच फिरतं.