जुन्या घड्याळाची केस: चाकू लावण्याआधी घडण ओळखा

जुन्या मनगटी घड्याळांच्या केसवर, म्हणजे मशीन सांभाळणाऱ्या बाहेरच्या धातूच्या डबीवर, वापरून पडतात त्याहून वाईट ओरखडे चुकीच्या जागी चाकू घातल्याने पडतात. धूळ, पाणी आणि घाम अडवायचा म्हणून केसची घडण बदलत गेली. आपल्या हातातली घडण कुठली हे कळलं की ती कशी उघडायची तेही कळतं. दहापट भिंग, व्हर्नियर (बारीक माप घेण्याची पट्टी), केस-चाकू (झाकण उचकटायचा बोथट चाकू), तीन दातांचा पाना आणि रबरी चेंडू जवळ ठेवा.

सुरुवात पट्ट्याकडून करा. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास खिशातल्या घड्याळासारख्या गोल केसला तारेच्या कड्या डाक (वितळवलेल्या धातूचा जोड) लावून बसवत. कडी निघत नाही, त्यामुळे तिच्यातून ओवता येणारा पट्टाच घ्यावा लागतो. कडीच्या बुडाशी करड्या डाकाचा गोळा दिसला तर ती नंतरची दुरुस्ती समजा. पुढे स्प्रिंग बार (पट्टा अडकवायच्या, दाबून निघणाऱ्या काड्या) आले. पट्ट्याची रुंदी दोन लगांच्या (पट्टा धरणाऱ्या केसच्या कानांच्या) आतल्या बाजूंमध्ये मोजा, आणि बारची भोकं लांबट झालीत का तेही पाहा.

आता मागचं झाकण. कडेला बारीक खाच असेल तर ते दाबून बसवलेलं आहे. चाकू खाचेतच टेकवा आणि हलका पीळ द्या. बिजागरी असेल तर तिच्या समोरच्या बाजूने उघडा. कडेवर सहा-आठ चौकोनी खाचा किंवा दाते म्हणजे आट्याचं झाकण. आधी रबरी चेंडू दाबून डावीकडे फिरवा, नाहीच हललं तर पाना. बसवतानाही आधी डावीकडेच फिरवा, ‘टक्’ झाल्यावरच उजवीकडे घट्ट करा, नाहीतर आटे कापले जातात.

मागे सांधाच नाही? इथे घाई नडते. जिनिव्हाच्या फ्रांस्वा बोर्गेल यांनी १८९१ मध्ये पेटंट घेतलेल्या केसमध्ये मशीन पुढून आट्यांवर बसतं. चावी (बाजूचं फिरवायचं बटण) आधी काटे फिरवण्याच्या स्थितीपर्यंत ओढा, मगच काचेभोवतीची रेघांची कडी डावीकडे फिरवा. चावी न ओढता फिरवलंत तर तिची मशीनमध्ये जाणारी दांडी मोडते. साठच्या दशकातल्या अखंड केसमध्येही मशीन पुढूनच निघतं, पण तिथे आधी काच पंजासारख्या हत्याराने कडेने दाबून काढतात आणि चावीची दांडी दोन तुकड्यांची असते.

पाणी शिरायची खरी वाट चावीची. रोलेक्सच्या १९२६ च्या ऑयस्टरमध्ये चावी, झाकण आणि काचेची कडी, तिन्ही आट्यांनी बसतात. अशी चावी आधी डावीकडे मोकळी करा, मग ओढा. सांध्यांत पाणी अडवणारी रबरी रिंग मात्र वर्षांनी कडक किंवा चिकट होते. त्यामुळे झाकणावर काहीही कोरलेलं असो, जुनं घड्याळ पाण्यात नेऊ नका. नवी रिंग त्याच व्यासाची, त्याच जाडीची घ्या आणि सिलिकॉन ग्रीस अगदी पुसट लावा.

‘स्टेनलेस स्टील बॅक’ वाचून संपूर्ण केस स्टीलची समजू नका. मनगटाला टेकणारा भाग घामाने आधी खाल्ला जातो म्हणून फक्त झाकण स्टीलचं केलं. बाकी केस बहुधा क्रोम चढवलेली पितळ. लगांच्या टोकाला पिवळं दिसलं की मुलामा गेला. सोन्याचा मुलामा असलेल्या केसवर ‘२० मायक्रॉन’ म्हणजे ०.०२ मिलिमीटर सोनं, म्हणून अशा केसला पॉलिशचं चाक लावूच नका.

ओमेगा कंपनीच्या स्पीडमास्टर घड्याळाला १९६४ च्या सुमारास चावीजवळ उंचवटा आला, धक्क्यापासून चावी वाचावी म्हणून. तिथल्या कडा गुळगुळीत दिसल्या तर केस घासली गेली आहे.