नागपूरच्या गच्चीवरून वेधशाळांच्या भांडारापर्यंत: एका ताऱ्याचा माग

खगोलशास्त्राची आवड लागली की पहिल्या महिन्यातच ब्राउझरमध्ये चाळीस-पन्नास साइटींच्या खुणा साठतात, आणि वर्ष उलटलं तरी त्यातल्या चार-पाचच कामाला आलेल्या असतात. तेव्हा साइटी गोळा करण्याआधी एक तारा निवडावा आणि त्याच्याबद्दल जो प्रश्न पडेल त्याचं उत्तर जिथे मिळेल तीच साइट शिकावी. नागपूरकरांसाठी आम्ही ययाती तारकासमूहातला अल्गॉल सुचवतो. तो दुर्बिणीशिवाय दिसतो, काही तासांत डोळ्यांदेखत मंद होतो आणि पुन्हा उजळतो. डिसेंबरच्या मध्यात रात्री पावणेदहाच्या सुमारास तो उत्तरेला 70 अंश उंचीवर असतो, म्हणजे समोरच्या इमारतीआडही जात नाही.

सुरुवात स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या कार्यक्रमापासून करा. संगणकावरची आवृत्ती मोफत आहे आणि ब्राउझरमध्येही चालते. पहिली चूक इथेच होते. कार्यक्रम तुमचं ठिकाण इंटरनेट पुरवठादाराच्या पत्त्यावरून ओळखतो, त्यामुळे तुम्ही धरमपेठेत बसलेले असता आणि पडद्यावर मुंबईचं किंवा दिल्लीचं आकाश दिसत राहतं. अक्षांश 21.15 उत्तर, रेखांश 79.09 पूर्व, उंची 310 मीटर हे आकडे हाताने भरा. मग तारीख 26 मे आणि वेळ दुपारी 12 वाजून 10 मिनिटं करा. सूर्य जवळजवळ डोक्यावर दिसला तर ठिकाण बरोबर आहे, कारण नागपूरचा शून्य सावलीचा दिवस याच सुमारास येतो. दुसरा 17 जुलैच्या आसपास असतो, पण तेव्हा सहसा ढग असतात. ध्रुवतारा उत्तर क्षितिजावर साधारण 21 अंशांवर दिसला पाहिजे, हीसुद्धा तपासणीच.

12 वाजून 10 मिनिटं का, हेही समजून घ्यावं. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची आहे. नागपूर त्याच्या पश्चिमेला साडेतीन अंशांच्या आसपास आहे, त्यामुळे इथला स्थानिक मध्यान्ह सरासरीने पावणेचौदा मिनिटं उशिरा होतो. त्यात पृथ्वीच्या कक्षेमुळे येणारा फरक मिसळला की वर्षभरात तो नोव्हेंबरच्या सुरुवातीला 11:57 ला आणि फेब्रुवारीच्या मध्याकडे 12:28 ला पोहोचतो.

आता घड्याळ. जगभरच्या वेधशाळांच्या नोंदी जागतिक वेळेत असतात, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. रात्री दोनची नोंद केली तर जागतिक तारीख आदल्या दिवसाची असते, आणि नवख्यांच्या निम्म्या चुका इथे होतात. रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांच्या कामात ज्युलियन दिनांक, म्हणजे दिवसांची सलग मोजणी, वापरतात. तो जागतिक वेळेच्या दुपारी बाराला बदलतो, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला. ही आपली सोयच आहे, कारण नागपूरची अख्खी रात्र एकाच ज्युलियन दिवसात बसते. संध्याकाळी साडेपाचनंतर गेलेले तास मोजा आणि 24 ने भागा. रात्री साडेदहाला ज्युलियन दिवसाचा अपूर्णांक 0.208 असतो. रोज चार वेळा हे करा, आठवड्यात बोटांवर येईल.

अल्गॉलचा आवर्तकाळ 2 दिवस 20 तास 49 मिनिटं आहे. दोन तारे एकमेकांभोवती फिरताना मंद तारा तेजस्वी ताऱ्यासमोर येतो आणि एकत्रित प्रत, म्हणजे तेजाचं माप, 2.1 वरून 3.4 पर्यंत उतरते (आकडा मोठा तितका तारा मंद). हा बदल नियमित आहे, हे इंग्लंडमधल्या जॉन गुडरिकने 1783 मध्ये मांडलं. संपूर्ण पिधान, म्हणजे हे झाकलं जाणं, साधारण दहा तासांचं असतं, पण डोळ्यांना ठळक फरक किमानाच्या, म्हणजे सर्वांत मंद क्षणाच्या, आधीच्या आणि नंतरच्या दोन-अडीच तासांतच जाणवतो. आज रात्री अकराला किमान असेल तर पुढचं तिसऱ्या दिवशी संध्याकाळी 7:49 ला येईल आणि त्यानंतरचं दिवसाउजेडी 4:38 ला. उलट मागे गेलात तर तीन रात्रींपूर्वीचं पहाटे 2:11 ला होतं. म्हणजे पाहण्याजोगी किमानं तीन-तीन रात्रींच्या अंतराने दोन-तीन येतात आणि मग काही दिवस अल्गॉल गप्प राहतो.

किमानाची वेळ शोधायला व्हीएसएक्स ही रूपविकारी ताऱ्यांची सूची आहे. ती अमेरिकेतली एएव्हीएसओ ही 1911 पासूनची निरीक्षकांची संघटना चालवते. तिथे ताऱ्याचं नाव टाकलं की आवर्तकाळ आणि आरंभक्षण, म्हणजे कधीतरी नोंदवलेल्या एका किमानाचा ज्युलियन दिनांक, मिळतो. आरंभक्षणात आवर्तकाळाच्या पटी मिळवत आजपर्यंत या. इथे आकडे छाटू नका. आरंभक्षण चाळीस वर्षं जुनं असेल तर मध्ये 5,095 फेऱ्या झालेल्या असतात, आणि आवर्तकाळ एका सेकंदाने चुकला तर आजचं किमान जवळजवळ 85 मिनिटांनी चुकतं. दशांशाच्या सहाव्या स्थानापर्यंतची संख्या तशीच ठेवा. अल्गॉलचा आवर्तकाळ थोडा बदलतही असतो, म्हणून एएव्हीएसओकडे आलेल्या ताज्या नोंदींशी वेळ ताडून पाहणं चांगलं.

त्याच संस्थेचा नकाशा बनवणारा कार्यक्रम तुलनाताऱ्यांची, म्हणजे ज्यांच्याशी अल्गॉलचं तेज ताडायचं त्या ताऱ्यांची, प्रत देतो. नकाशावर 29 लिहिलेलं दिसलं की ते 2.9 समजा. दशांशचिन्ह मुद्दाम गाळलेलं असतं, नाहीतर तो ठिपका ताराच वाटतो. सर्वांत मोठा तयार नकाशा 15 अंशांचा आहे, आणि गॅमा देवयानी अल्गॉलपासून 12 अंशांवर असल्याने त्याच्या बाहेर पडते. तिची प्रत वेगळी लिहून घ्या. ती 2.1 च्या आसपास आहे, तर एप्सिलॉन ययाती 2.9 आणि डेल्टा ययाती 3.0. अल्गॉलच्या अगदी शेजारचा ऱ्हो ययाती हा लाल तारा तुलनेला घेऊ नका. तो स्वतःच रूपविकारी आहे. जवळ आणि सोयीचा म्हणून नवे निरीक्षक त्यालाच धरतात आणि सगळी नोंद वाकडी जाते.

अंदाज बांधायची रीत साधी आहे. एक तारा अल्गॉलपेक्षा तेजस्वी आणि एक मंद असे दोन घ्या. दोघांमधल्या अंतरात अल्गॉल कुठे बसतो ते ठरवा. 2.1 आणि 2.9 यांच्या बरोबर मध्ये वाटला तर 2.5. दर पंधरा-वीस मिनिटांनी एक नोंद पुरे. मागची नोंद झाकून ठेवा, नाहीतर मन आधीच्या आकड्याकडे ओढतं. क्षितिजाजवळ हवा जाड असते, म्हणून तुलनातारा शक्यतो अल्गॉलच्याच उंचीचा हवा. 30 अंशांच्या उंचीवर प्रकाश डोक्यावरच्या दुप्पट हवेतून येतो. नोंदीत ताऱ्याचं नाव, वेळ, प्रत, दोन्ही तुलनातारे, नकाशाचा क्रमांक आणि आकाशाची स्थिती लिहायची. एएव्हीएसओच्या पद्धतीत चंद्रप्रकाशाला किंवा शहराच्या उजेडाला ‘बी’ आणि धूर, धूळ, धुरकट हवेला ‘यू’ हे अक्षर आहे. हिवाळ्यात नागपूरच्या उत्तरेला कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीजकेंद्रांकडे पाहणाऱ्यांना ‘यू’ बऱ्याचदा लिहावं लागेल. निरीक्षक संकेत (ऑब्झर्व्हर कोड) घेतला की या नोंदी त्यांच्या साइटवर भरता येतात, आणि तुमच्या गच्चीवरचे अंदाज जगातल्या इतर निरीक्षकांच्या बरोबरीने वक्रावर, म्हणजे वेळेनुसार तेजाच्या आलेखावर, येतात. याइतकं प्रोत्साहन दुसरं नाही.

शहरातून 3.4 प्रतीचा तारा जेमतेम दिसतो. 7×50 किंवा 10×50 ची द्विनेत्री असेल तर काम सोपं होतं. गडद आकाश हवं असेल तर उजेडाचे नकाशे पाहा, पण पूर्ण विश्वास ठेवू नका. ते ज्या उपग्रहाच्या मोजणीवर आधारलेले असतात त्याला निळा उजेड नीट दिसत नाही, म्हणून पांढऱ्या एलईडीने भरलेला परिसर नकाशावर खऱ्यापेक्षा काळा दिसतो. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्रातल्या भागाला जानेवारी 2024 मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. रामटेक-मनसरच्या पुढे गेल्यावर हे आकाश मिळतं. मात्र तिथून नागपूरचा उजेड दक्षिणेला पडतो. अगस्ती नागपूरच्या अक्षांशावर 16 अंशांपर्यंत आणि ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ 21 अंशांपर्यंतच वर येतो. दक्षिणेकडचं पाहायचं असेल तर शहराच्या दक्षिणेला जाणं शहाणपणाचं. अल्गॉल उत्तरेचा, त्याला पेंचच योग्य.

एवढं झालं की वेधशाळांच्या भांडारांकडे, म्हणजे त्यांच्या डेटाच्या साठ्यांकडे, वळा. स्ट्रासबुर्गच्या केंद्राची सिम्बाड ही ताऱ्यांची नावनोंदणी आहे. अल्गॉलचे विषुवांश आणि क्रांती (आकाशातला पत्ता), पराशय (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याचं दिसणारं किंचित सरकणं), वर्णपटाचा प्रकार आणि त्याच्यावरचे शोधनिबंध तिथे एका पानावर मिळतात. पराशय मिलिआर्कसेकंदांत असतो. 1000 ला त्याने भागलं की अंतर पार्सेकमध्ये येतं. हिप्पार्कोस उपग्रहाच्या 36.27 वरून 27.6 पार्सेक, म्हणजे 90 प्रकाशवर्षं. त्याच केंद्राचं अलादीन कुठल्याही दिशेची छायाचित्रं एकावर एक ठेवून दाखवतं. गाया उपग्रहाची 2022 ची तिसरी सूची सुमारे 180 कोटी स्रोतांची आहे, पण तिच्यावर अल्गॉलची भिस्त ठेवू नका. 3 पेक्षा तेजस्वी प्रतीच्या ताऱ्यांवर गायाची यादी अपुरी आहे. ताऱ्यांच्या तेजातले बदल मोजणाऱ्या टेस उपग्रहाच्या प्रतिमेत एक चौकट (पिक्सेल) 21 आर्कसेकंदांची असते, त्यामुळे शेजारचे तारे एकत्र मिसळतात. शिवाय टेसची वेळ ज्युलियन दिनांकातून 2457000 वजा करून दिलेली असते. ही वजाबाकी विसरून स्वतःच्या नोंदी टेसच्या वक्रावर ठेवल्या तर काहीच जुळत नाही, आणि माणूस दोष आपल्या डोळ्यांना देतो.

मोठ्या वेधशाळांचे मूळ डेटा एफआयटीएस (FITS) या खगोलशास्त्रातल्या फाइलप्रकारात येतात. डीएस9 या प्रतिमा पाहायच्या कार्यक्रमात फाइल उघडली की पुष्कळदा नुसता काळा चौकोन दिसतो. फाइल बिघडलेली नसते. स्केल मेन्यूत झेडस्केल निवडा, मग लॉग करून पाहा. चित्र वर येतं. फाइलच्या शीर्षकात (हेडर) वेळ, प्रकाश टिपण्याचा कालावधी आणि दुर्बिणीचं नाव असतं. ते वाचल्याशिवाय मोजमाप सुरू करू नका.

भारतीय भांडारं इथे आवर्जून वापरावीत. कोडाईकनालच्या सौर वेधशाळेची विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनची सूर्याची छायाचित्रं आता डिजिटल आहेत. 1909 मध्ये जॉन एव्हरशेडने सूर्यडागांतल्या वायूचा बहिर्वाह तिथेच टिपला. डाग मोजायला दुर्बीण लागत नाही, आणि सौरचक्र स्वतः काढण्याइतकं चांगलं शालेय प्रकल्पाचं काम दुसरं नाही. सूर्याकडे थेट द्विनेत्रीतून मात्र कधीही पाहू नका. इस्रोच्या आयएसएसडीसी भांडारात ॲस्ट्रोसॅट (28 सप्टेंबर 2015) आणि आदित्य-एल1 (2 सप्टेंबर 2023) यांचे डेटा आहेत. नाव नोंदवून पासवर्ड घ्यावा लागतो. पुण्याजवळ खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचे 45 मीटरचे 30 ॲन्टेना आहेत आणि त्यांचं भांडार खुलं आहे. पण एका निरीक्षणाच्या कच्च्या फाइली घरच्या लॅपटॉपला झेपत नाहीत आणि लिनक्सवर कासा हा कार्यक्रम शिकावा लागतो. नवख्याने टीजीएसएस या 150 मेगाहर्ट्झच्या तयार सर्वेक्षणातून लहान चौकटी उतरवाव्यात. एका दीर्घिकेचं दृश्य छायाचित्र आणि त्याच जागेची ही चौकट शेजारी ठेवा. रेडिओ लाटांत दीर्घिकेपलीकडे पसरलेले लोळ दिसले तर तिथून पुढचा प्रश्न आपोआप सुरू होतो.

शोधनिबंधांसाठी नासाची एडीएस सेवा मोफत आहे. अर्काइव्ह (arXiv) या साइटवर निबंध छापण्याआधीच येतात, म्हणून तज्ज्ञांनी तपासलेलेच हवे असतील तर एडीएसमध्ये रेफरीड निवडा. पहिल्या वाचनात सारांश, आकृत्या आणि निष्कर्ष एवढंच पाहा. सगळं समजलं पाहिजे असा हट्ट धरणारे पहिल्याच निबंधावर थांबतात.

हे करिअर म्हणून घ्यायचं असेल तर शाळेपासूनची वाट स्पष्ट आहे. भौतिकशास्त्र शिक्षकांच्या आयएपीटी या संघटनेची एनएसईए ही खगोलशास्त्राची परीक्षा नोव्हेंबरमध्ये होते. तिच्या पुढचा टप्पा आयएनएओ हे राष्ट्रीय ऑलिंपियाड, आणि त्यातून आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडचा संघ निवडतात. ऑगस्ट 2025 मध्ये हे ऑलिंपियाड मुंबईत झालं. पदवीच्या काळात मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस हा संशोधनाची ओळख देणारा कार्यक्रम आणि पुण्याच्या आयुका या संस्थेचा सुट्टीतला विद्यार्थी कार्यक्रम यांच्या अर्जांवर लक्ष ठेवा. संशोधनाकडे नेणाऱ्या प्रवेशासाठी जेस्ट, जॅम, आयनॅट या परीक्षा आहेत. भौतिकशास्त्र आणि गणित पक्कं हवंच, पण पायथन ही संगणकभाषा, तिच्यातलं खगोलशास्त्रासाठीचं ॲस्ट्रोपाय आणि संख्याशास्त्र पदवीच्या पहिल्या वर्षापासून हातात घ्या. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनीही हा रस्ता आपला नाही असं समजू नये. रेडिओ दुर्बिणींना अभियंते तितकेच लागतात. मुलाखतीत अभ्यासक्रमांच्या प्रमाणपत्रांपेक्षा स्वतः घेतलेल्या नोंदींचा वक्र आणि त्यातल्या चुकांचं स्पष्टीकरण जास्त बोलतं.

नागपुरात जूनपासून सप्टेंबरपर्यंत आकाश ढगांचंच असतं. हे चार महिने भांडारांचे समजा. गेल्या हंगामातल्या अल्गॉलच्या सगळ्या नोंदी ज्युलियन दिनांकात आणा, आरंभक्षण वजा करा, आवर्तकाळाने भागा आणि फक्त अपूर्णांक घ्या. वेगवेगळ्या रात्रींचे ठिपके एकाच पिधानावर येऊन बसतील. खोलगट भाग शून्यावर न येता 0.02 ला आला, तर किमान अंदाजापेक्षा 83 मिनिटं उशिरा झालं. अशा वेळी आधी साडेपाच तासांची वजाबाकी तपासा, मग आवर्तकाळ. सप्टेंबरअखेरीस रात्री दहाला अल्गॉल ईशान्येला 25 अंशांच्या वर आलेला असतो. त्या आठवड्यातल्या किमानांच्या वेळा तेव्हा वहीत लिहिलेल्या असाव्यात.