कॅम्परमधला गॅसचा फ्रिज थंड होत नाहीये? आधी बाहेरून मागचं झाकण उघडा

आम्ही कोलोरॅडोत राहतो, चार वर्षांपूर्वी एक सेकंडहँड कॅम्पर ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं छोटं घर, घेतला, त्यात प्रोपेन गॅसवर चालणारा फ्रिज आहे. पहिल्या मोठ्या ट्रिपला युटात मोआबला गेलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी श्रीखंडाचा डबा उघडला तर वर पाणी सुटलेलं आणि आंबूस वास. परत आल्यावर एका रिपेअरवाल्याने फ्रिजचं दार नुसतं उघडून बंद केलं आणि कूलिंग युनिट गेलंय म्हणाला, दीड हजार डॉलर. नवरा तयारच होता पैसे द्यायला. मी म्हटलं थांब, आधी मागे काय आहे ते तरी बघू. मागे निघालं कोळ्याचं जाळं आणि मूठभर गंज, बाकी काही नाही. तेव्हापासून दर एप्रिलमध्ये मीच साफ करते, दोन तास लागतात फार तर.

हा फ्रिज घरच्यासारखा नसतो एवढं आधी डोक्यात बसायला हवं, नाहीतर आपण आतले कप्पे पुसत बसतो आणि दुखणं असतं बाहेर. यात कॉम्प्रेसर नाही, मोटार नाही. खाली छोटी ज्योत जळते, तिने अमोनिया आणि पाण्याचं मिश्रण तापतं, अमोनियाची वाफ वर जाऊन मागच्या नळ्यांत गार होऊन द्रव होते आणि मग हायड्रोजनमध्ये मिसळून उडताना आतली उष्णता ओढून घेते. १९२२ मध्ये स्टॉकहोमला शिकणाऱ्या फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोघांनी ही युक्ती काढली, आजही तत्त्व तेच आहे. म्हणजे ज्योत चांगली हवी, मागून वारा खेळता हवा आणि गाडी सपाटीत उभी हवी, हे तिन्ही जमलं की बहुतेक तक्रारी संपतात.

सपाटीचं आधी सांगते कारण ते फुकटात होतं. आतलं मिश्रण स्वतःच्या वजनाने खाली वाहतं, त्याला ढकलायला पंप नाही, त्यामुळे गाडी कलती असेल तर ते नळीत एका जागी साचतं, जास्त तापतं, आतलं गंजरोधक रसायन खडे होऊन बसतं आणि मग खरंच दीड हजाराचा खर्च येतो. बऱ्याच मॉडेलना आडवा ३ अंश आणि पुढेमागे ६ अंश एवढाच कल चालतो. गवंड्याची पाणसळ असते तसली छोटी लेव्हल फ्रिजरच्या तळाशी ठेवून बघा. चालत्या गाडीत प्रश्न येत नाही, हेलकाव्याने मिश्रण हलत राहतं. उतारावर गाडी लावून रात्रभर फ्रिज चालू ठेवणं, हे मात्र कधीच नाही.

आता सफाई. सिलिंडर बंद करा, विजेची वायर काढा, १२ व्होल्टचा फ्यूजही काढा आणि फ्रिज पूर्ण गार होऊ द्या. गाडीच्या बाहेरच्या बाजूला जाळीदार झाकण असतं ते उघडलं की खाली पत्र्याच्या छोट्या पेटीत बर्नर दिसतो. हात लावायच्या आधी मोबाइलवर दोन-चार फोटो काढून ठेवा, जोडताना मी पहिल्यांदा दोन वायरी उलट्या लावल्या होत्या. आणि झाकण उघडल्या उघडल्या अमोनियाचा झणझणीत वास आला किंवा नळ्यांवर पिवळी पूड दिसली तर काही करू नका, नळी फुटलीये, खिडक्या उघडा, बाहेर या आणि माणूस बोलवा, तो फ्रिज परत पेटवायचा नाही.

चिमणीपासून सुरुवात करा, कारण वरची घाण बर्नरवरच पडते. चिमणी म्हणजे बर्नरच्या बरोबर वरची उभी नळी, तिच्या आत तारेला टांगलेली पत्र्याची पिळाची पट्टी असते जी उष्णता धरून ठेवते. आमच्याकडे छतावरच्या व्हेंटचं झाकण काढून ती वर ओढता येते. किती खोल टांगली होती ते तारेवर मार्करने खूण करून ठेवा, कारण उंची चुकली तर फ्रिज नीट थंड होत नाही. बर्नरवर ओलं फडकं टाका आणि बाटली धुवायच्या लांब ब्रशने, किंवा बंदुकीच्या नळीला वापरतात तसल्या ब्रशने, नळी वरून खालपर्यंत घासा. काजळी आणि गंजाचे पापुद्रे एवढे पडतात की विश्वास बसत नाही. डोळ्यांवर गॉगल लावा, मी एकदा नाही लावला आणि पूर्ण संध्याकाळ डोळे चोळत बसले.

मग बर्नर. त्याच्या नळीवर बारीक चिरा असतात, जुन्या टूथब्रशने घासा आणि फुंकून घ्या. नळीच्या आत हमखास जाळं असतं. प्रोपेनला मुद्दाम जो वास घातलेला असतो त्याने कोळी ओढले जातात असं इथे सगळे सांगतात, खरंखोटं त्यांनाच माहीत, पण दर वर्षी जाळं सापडतं एवढं मी सांगू शकते. कुंभारमाशीचं मातीचं घरटंही एकदा निघालं.

त्याच्या मागे पितळेचा जेट, म्हणजे गॅस सोडणारं बारीक भोकाचं टोक, असतो आणि इथे आपल्या लोकांचा हात शिवशिवतो. लहानपणी रॉकेलच्या स्टोव्हला पिन मारलेली असते ना, भोक बुजलं की पिन, तीच सवय. इथे पिन, सुई, तार काहीही घालायचं नाही. भोक इतकं बारीक आणि मोजून पाडलेलं असतं की जरा मोठं झालं तरी ज्योत पिवळी आणि चिमणीत पुन्हा काजळी. दोन पाने घ्या, एकाने मागचा नट धरून दुसऱ्याने जेट सोडवा नाहीतर तांब्याची नळी पिळवटते, मग जेट रबिंग अल्कोहोलमध्ये अर्धा तास बुडवा आणि तसाच वाळू द्या. नवा जेट स्वस्त मिळतो, शंका असेल तर तोच लावा. ठिणगीचा इलेक्ट्रोड पुसून त्याचं बर्नरपासूनचं अंतर बघा, साधारण ४-५ मिलिमीटर हवं, नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलमध्ये असतो.

सगळं जोडलं की सिलिंडर उघडून सांध्यांना भांड्याच्या साबणाचं पाणी लावा, फक्त अमोनिया किंवा क्लोरीनवालं लिक्विड नको, ते पितळ खातं. बुडबुडे आले तर बंद करून परत आवळा. काडी ओढून बघायचा शहाणपणा कुणी करू नये. मग १२ व्होल्ट परत जोडा, कारण गॅसवर चालवला तरी सर्किट बोर्डाला तेवढी वीज लागतेच, आणि आधी किचनची शेगडी पेटवा म्हणजे पाइपातली हवा निघून जाते, नाहीतर फ्रिज दोन-तीनदा टकटक करून ‘CHECK’ लिहिलेला बिघाडाचा दिवा लावून बसतो. ज्योत निळी आणि स्थिर हवी, खाली गॅसच्या शेगडीसारखा फुरफुर आवाज. पिवळी टोकं दिसली तर बर्नर अजून साफ नाही. ते सोडून जर फ्रिज डोंगरात नखरे करत असेल तर ते उंचीमुळे, आमच्या मॅन्युअलमध्ये साडेपाच हजार फुटांच्या वर शक्य तर विजेवर चालवा असंच लिहिलंय आणि ग्रेट सँड ड्यून्सला, म्हणजे इथल्या वाळूच्या टेकड्यांच्या नॅशनल पार्कात, आठ हजार फुटांवर, आम्हाला ते पटलं. तिथे वाळूही बर्नरमध्ये जाते हा वेगळा ताप. पेट्रोल भरायला थांबलात तर मात्र ज्योत बंद करायलाच हवी, हे विसरू नका.

मागच्या नळ्यांच्या पंखांवरची धूळ मऊ ब्रशने काढा, वरच्या व्हेंटमध्ये पक्ष्याचं घरटं किंवा पाइनच्या काड्या आहेत का बघा. १२ व्होल्टचा छोटा पंखा मागे असेल तर हाताने फिरवून बघा.

आतलं काम सोपं आहे. गरम पाण्यात खायचा सोडा घालून पुसा, गेल्या वर्षी आमचं इडलीचं पीठ फुगून डब्याबाहेर आलं होतं तेव्हाही त्यानेच वास गेला. फ्रिजरमधलं बर्फ सुरीने खरवडू नका, गरम पाण्याचं भांडं आत ठेवा. दाराच्या रबरात नोट अडकवून दार लावा आणि ओढा, सहज सुटली तर रबर गेलंय. आणि निघायच्या आदल्या दिवशीच फ्रिज चालू करा, आत आधीच गार केलेलं सामान ठेवा, ठासून भरू नका. ग्लासभर पाण्यात थर्मामीटर बुडवून रात्रभर ठेवा, सकाळी ४ अंश किंवा त्याखाली दिसलं पाहिजे.

हिवाळ्यात ट्रेलर उभा करताना दार पूर्ण बंद करायचं नाही, आमच्याकडे दुमडलेला टॉवेल मध्ये अडकवतो आणि आत सोड्याची उघडी पुडी.